दगडकाकूंनी धरलेली जागा

आमच्या गल्लीतल्या दगडकाकू गाणं ऐकायला निघाल्या की त्यांच्या पिशवीत अकरा दगड असायचे. सीना नदीच्या पात्रातून निवडून आणलेले, गुळगुळीत, मुठीएवढे. सकाळी हेच दगड गच्चीवर पापड वाळत घातलेल्या धोतराच्या कडांवर बसायचे आणि दुपारी चारला धुऊन-पुसून पिशवीत जायचे. बाई गाण्याला निघाल्यात की भांडणाला, असा प्रश्न नवख्याला पडे. खरं सांगायचं तर दोन्हीला!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. नगरला तेव्हा भर उन्हाळ्यात आठ दिवस मोकळ्या मैदानावर गाण्या-नाचाचा महोत्सव भरायचा. तिकीट नाही, पास नाही, खुर्ची तर नाहीच. जाजमं अंथरलेली, यावं आणि बसावं. साडेसहाला सनई सुरू होई, मग कधी कथक, कधी भजन, कधी शाहिरी. घरात पंखा असणारी माणसं मोजकी, त्यामुळे निम्मं शहर तिथे लोटायचं. पुढची जागा जो धरेल त्याची. आणि आमच्या अख्ख्या गल्लीची जागा धरायचं काम काकूंनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. मी नुकतीच लग्न होऊन गल्लीत आलेली, शाळेत शिकवायचे. सुट्टीत सून रिकामी बसलेली सासूबाईंना बघवेना, म्हणून त्यांनी मला काकूंच्या हाताखाली धाडलं.

काकूंची पद्धत ठरलेली. एकेका घराची एकेक चादर अंथरायची, वर त्या घराचा दगड ठेवायचा. कुणी विचारलं, "मावशी, इथं कुणी हाय का?" की काकू म्हणत, "येतायत. वाटंत हायेत." कोण, किती, कधी, हे पुढे विचारायची सोय नव्हती. एकदा एक हवालदार काठी आपटत आला नि म्हणाला, "हे दगड उचला आधी." काकू म्हणाल्या, "दगड कुठं? आमच्या गल्लीतली मानसं हायेत ती." हवालदारानं एकदा दगडांकडे बघितलं, एकदा काकूंकडे, आणि निघून गेला.

गंमत म्हणजे एवढं करून काकूंनी महोत्सव कधी पाहिलाच नाही. कार्यक्रम सुरू झाला तरी त्या स्टेजकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसत. नाचणारी मुलगी काय नेसली होती हे त्यांना सांगता येत नसे. पण तिसऱ्या रांगेतून कोण पुढे सरकलं, हे आठ दिवसांनंतरही बरोबर सांगत.

अकरावा दगड जरा पांढरट होता. तो काकूंच्या शेजारी, घडी घातलेल्या पंच्यावर असायचा. ती जागा तात्यांची. तात्या म्हणजे काकूंचे यजमान, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. फुकट या शब्दाचंच त्यांना वावडं. "ज्याला तिकीट नाही त्याला दर्जा नाही," असं म्हणून ते घरीच उकडत बसत. वर बायकोला सुनावत, "येतायत म्हणून चारचौघांत खोटं बोलतेस. जीभ झडेल एक दिवस!"

"तुमी या की मंग. मी खरी ठरते," काकू म्हणत.

एकदा पापड उलटताना मला म्हणाल्या, "शेजारी बसून आमी दोघांनी कायबी ऐकलं न्हाई गं कधी. लग्नात बसलो तेवढंच. तवा भटजींचं ऐकलं." मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग मला कळलं की बाईला हे मनापासून हवंय.

दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्याचं तिकीट करून घेतलं. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'एका व्यक्तीस प्रवेश'. तात्यांनी चष्मा लावला, तिकीट उलटसुलट पाहिलं, म्हणाले, "शिक्का कुठाय?" आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

तिसरं वर्ष दुष्काळाचं. महोत्सव होतो की नाही अशी धाकधूक होती, पण झाला. पहिल्याच दिवशी काकूंनी जेवताना जाहीर केलं, "तुमची जागा आजपासून समोरच्या वकिलांना दिली." मोरीच्या पाण्यावरून तात्या त्या वकिलांशी सहा वर्षं बोलत नव्हते. "दे की! मला काय त्याचं?" तात्या म्हणाले. पण हातातला पाण्याचा तांब्या तोंडाशी जायचा तो मध्येच थांबला, असं काकूंनी मला वाटेत तीनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी पाथर्डीकडची एक बाई आली. खडी फोडायच्या कामाला शहराजवळ आलेली, कडेवर तान्हं लेकरू, पाय धुळीनं पांढरे. "मावशी, इथं कुणी हाय का?"

काकूंनी सवयीनं तोंड उघडलं, "येता—" आणि थांबल्या. लेकराकडे बघितलं. पांढरट दगड उचलून पिशवीत टाकला. "बस बाई. इथलं मानूस काय येत न्हाई."

आणि तोंडातून शब्द पडतो न पडतो तोच तात्या आले! वैशाखात कोट, डोक्याला काळी टोपी, बगलेत छत्री. गर्दी तुडवत, "कुठाय तो वकील? ही जागा माझी आहे!" वकील बिचारे लेकीकडे पुण्याला. तात्यांच्या पंच्यावर तान्हं नुकतंच टेकवलेलं. ती बाई घाबरून उठायला लागली. तात्या विरघळले. "बसा, बसा," म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मागून ओरडा सुरू झाला, "ओ टोपीवाले, खाली बसा!" काकू ताडकन उठल्या, नवऱ्याचा हात धरून, तोही चारचौघांत, त्यांनी त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे चालू लागल्या. मीही गेले.

अगदी मागे, भेळेच्या गाडीपाशी आम्ही उभ्या राहिलो. तिथे राखायला काहीच नव्हतं. तेव्हा काकूंनी पहिल्यांदा स्टेजकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझा दंड दाबून म्हणाल्या, "मास्तरीण, ही पोर लई भारी नाचती गं! दरसाल असंच असतंय?"

"पण शेजारी बसायचं राहिलंच की," मी म्हटलं.

"पुढल्या साली," काकू म्हणाल्या. "आता त्यांला वाट कळली."

पुढल्या सालचा उन्हाळा काकूंनी पाहिला नाही. पौषात ताप आला आणि चार दिवसांत बाई गेल्या. इतकी घाई त्यांनी फक्त जागा धरायलाच केली होती. मला अजून राग येतो त्यांचा.

त्या वर्षी मी महोत्सवाला उशिराच गेले. जागा कुठली असणार, मागे उभं राहायचं असं ठरवून. पाहते तर पहिल्या रांगेत आमच्या गल्लीच्या चादरी! प्रत्येकीवर धुतलेला दगड. मध्ये तात्या, कोट-टोपी घालून. शेजारी काकूंचं हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं, वर पांढरट दगड.

एक गृहस्थ वाकून विचारत होते, "आजोबा, इथं कुणी हाय का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस. घसा खाकरला.

"येतेय," म्हणाले. "वाटेत आहे."

सनई सुरू झाली. तात्या स्टेजकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसले.