बाबांची कवळी

बाबा पहाटे धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारले. श्वासाची नळी घालताना काढलेली त्यांची कवळी नर्सने चष्म्याबरोबर पिशवीत घालून माझ्या हातात दिली. कागदपत्रं उरकून सक्करदऱ्याला घरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि बाबांचा जबडा घट्ट बसला होता.

आईची एकच मागणी होती. "यायले दात लावून द्या. बोळक्या तोंडानं मी यायले कोणाले दाखवत नाही."

काकांनी हनुवटी धरून जोर लावला. "दादा, तोंड उघड गा. जिंदगीभर कोणाले बोलू नाही देलं, अन् आता काहून बंद करून बसला?"

"काही खायची इच्छा राहिली असन," आत्या म्हणाली.

"खायची असती तं मिटलं असतं का त्यायनं?" आई म्हणाली.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण घरात पुस्तकं वाचणारा मीच. मी सांगितलं, स्नायूला आवळायला ताकद लागते, तशी सोडायलाही लागते. माणूस गेला की ती तयार होणं थांबतं आणि आवळलेले तंतू तसेच अडकून राहतात. जबडा आधी, हातपाय मागून. पुढे तंतूच आतून झिजायला लागले की पकड आपोआप सुटते. उन्हात लवकर, थंडीत उशिरा.

"मंग हे बर्फाची पेटी काहून मांगवली?" काका म्हणाले.

ताईसाठी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूहून पोचणार होती. पेटी नसती तर जबडा सुटला असता, पण मे महिन्यात बाकीचंही बरंच सुटलं असतं. आई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग उठून तिने स्वतःच त्या विजेवरच्या पेटीचं बटण दाबलं.

सकाळी ताई आली, पेटीच्या काचेवर डोकं टेकून रडली. आंघोळीसाठी बाबांना बाहेर काढलं, तेव्हा आईने गरम पाण्यात पिळलेला पंचा त्यांच्या गालांवर धरून ठेवला. काकांनी पुन्हा झटापट केली. जबडा ढिम्म.

"थोडा जोरात दाबू का, वहिनी?"

"खबरदार."

ताठ हातांवर सदरा चढेना, म्हणून पाठीकडून कापावा लागला. आईने कवळी पदराने पुसली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"कोणाच्या लग्नाले बी दात खिशातच न्यायचे. मांडवात शिरले का मंग लावायचे," ती ताईला म्हणाली. "तिथं गेल्यावर लावतीन."

काकांनी खिसा एकदा चाचपून पाहिला आणि मग खांदा दिला.