छबूबाईनं काढलेलं जावळ

मूल होत नाही म्हणून छबूबाईच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरच्या वाटेला लावलं. माहेरी भावजयीनं गोड बोलून चूल वेगळी मांडून दिली. त्यातच बहात्तरचा दुष्काळ पडला. पाथर्डीकडच्या त्यांच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं, आणि मुकादम आसारामनं तिला काम कोणतं द्यावं? बायका माती वाहत असताना त्यांची पोरं सांभाळायचं. आसाराम टोमणा मारत नव्हता. तेवढं डोकं त्याला असतं तर तो मुकादम झाला नसता. बाईची पाठ धरलीय, पाटी उचलवत नाही, एवढंच त्यानं बघितलं.

तर बाभळींना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या आणि त्यांच्यामध्ये छबूबाई. सुकडी वाटायची, शेंबूड पुसायचे, एकाच्या मुठीतली माती दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही. संध्याकाळी प्रत्येक आई येऊन आपापलं उचलून नेई. मग छबूबाई रिकाम्या झोळ्या सोडून त्यांच्या घड्या घालत बसे.

कामावर पाणी आणायचा याकोब. ख्रिस्ती वस्तीतला, एका पायानं अधू. बायको बाळंतपणात गेली होती, बाळासकट. त्याची पिंपाची बैलगाडी पोरांच्या सावलीपाशी जरा जास्तच रेंगाळायची. बायका सोडतात होय?

"काय वो पाणीवाले, समदी तहान तिकडंच लागलीया व्हय?"

"लेकरं आधी, वैनी."

"लेकरं का लेकरावाली?"

याकोब बैलांची शेपटी पिरगाळी. बैल बिचारे फुकट पळायचे.

थंडीत एक बनुबाई आली. तिचा नवरा विहिरीच्या कामावर दरडीखाली सापडून गेला होता. ती आणि तिचा भाऊ रंगनाथ कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला निघाले होते, पण पोरीला गोवर उठलेला. अशा थंडीत गाडीवर न्यायची कशी? पोरगी वर्षाची, वीतभर. नाव मात्र विजयमाला. बनुबाईनं तिला छबूबाईच्या ओटीत ठेवलं.

"बरी झाली की न्यायला येते, बाई. फकस्त केसाला कातर लावू नका. जावळ तिच्या मामाच्या मांडीवर काढायचंय."

"माझ्याकडं काय न्हावी बसलाय का?" छबूबाई म्हणाली. दोघी हसल्या.

गोवर गेला. संक्रांत गेली, होळी गेली. बनुबाईचा पत्ता नाही. संध्याकाळी सगळ्या झोळ्या रिकाम्या होत, एक होत नसे. विजूला दाढा आल्या, ती धरून धरून चालायला लागली. याकोबनं तिला चाकाचा पांगुळगाडा करून दिला. लोक म्हणाले, येती कशाची आता ती! विधवा बाई, दुसरा घरोबा केला असंल. छबूबाई तोंडानं म्हणे, "असं बोलू नये." आणि रात्री भैरोबाला हात जोडताना तेच मागे. मागून झालं की तिला स्वतःचीच किळस येई. सकाळी ती विजूला दोन घास जास्त भरवी, जणू देवाला दिसावं.

चैत्रात कारखान्यावरून परतणारा एक गाडीवान सावलीला थांबला. छबूबाईनं त्याला पाणी दिलं, वर गुळाचा खडा.

"बनुबाईचा निरोप हाय," तो म्हणाला. "तिकडं एका बागायतदाराच्या वस्तीवर कायमचं काम लागलंय. आखिती झाली की पोरीला न्यायला येतीया. केस तसंच ठेव म्हणली."

"सांगते समद्यांना," छबूबाई म्हणाली.

तिनं कुणालाच सांगितलं नाही.

ज्या देवापुढं जावळ उतरतं त्या देवाचं लेकरू, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. कोर्टात त्याला काय किंमत, हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिला कोर्टात जायचंही नव्हतं. तिला फक्त भैरोबाच्या दप्तरी विजू आपली अशी नोंद हवी होती. पण मामा कुठून आणावा? सख्खा भाऊ भावजयीला विचारल्याशिवाय मांडीसुद्धा घालत नसे. ती याकोबकडं गेली.

"पाणीवाले, विजूचं जावळ काढते. मांडी द्याल का?"

याकोबच्या तोंडावरून बरंच काही येऊन गेलं. महिनोन्महिने यानं पिंप रेंगाळवलं आणि बाईनं शेवटी मागितलं ते भावाचं नातं!

"मी किरिस्ताव. तुझ्या भैरोबाला चालंल का?"

"त्याला इचारलं न्हाई. तुमाला इचारते."

"पर तिची आई तर म्हणली हुती..."

"आई येत न्हाई आता," छबूबाई म्हणाली. हे म्हणताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

पुढच्याच रविवारी याकोब प्रार्थना आटोपून धुतलेलं धोतर नेसून भैरोबाच्या पारावर बसला. विजू त्याच्या मांडीवर रडरड रडली आणि न्हाव्यानं तिचा गोटा केला. बायका म्हणाल्या, गडी नवरा व्हायला निघाला हुता, मामा होऊन आला. याकोबही हसला. त्या दिवसापासून तो तिला "छबूताई" म्हणायला लागला, आणि प्रत्येक "ताई"ला ती कुठल्या तरी झोळीची गाठ बघायला वळे. त्याला खरं ठाऊक नव्हतं.

आखितीनंतर बनुबाई आली. मागं रंगनाथ, काखेत नारळ, नवं झबलं, साखरेची गाठी. बाभळीखाली विजू छबूबाईच्या पदराआडून बघत होती. बनुबाईनं हात पुढं केले, तशी ती आणखी आत सरकली. मग आईला तो गोटा दिसला. केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे उगवलेले.

"कुणी काढलं?"

"माझ्या मांडीवर," याकोब पिंपाची तोटी सोडता सोडता पुढं झाला. "तुमी येत न्हाई असं वाटलं आमाला."

"तू कोन रं मामा?" रंगनाथ उसळला. "मी मेलो हुतो का?"

"आरं, निरोप धाडला हुता की मी!" बनुबाई म्हणाली. "गाडीवानाकडं. मिळाला न्हाई का?"

"कसला निरोप?" याकोब म्हणाला. "आईशप्पत, काय बी आलं न्हाई. आलं असतं तर छबूताईनं कातर लावू दिली असती व्हय?"

बनुबाईनं कडाकडा बोटं मोडली. "मुडदा बशीवला त्या गाडीवानाचा. कुठं तरी पिऊन पडला आसंल." तिनं रंगनाथला गप्प केलं. मग वाकून छबूबाईच्या पायाला हात लावला. "तुजा काय दोष, बाई? माजं लेकरू जगवलंस."

गप्प राहिलं की झालं होतं. सगळं जुळून आलं होतं. गाडीवान परत यायचा नव्हता, याकोबनं शपथ घेऊन टाकली होती. छबूबाईनं पाय मागं घेतले.

"निरोप आला हुता," ती म्हणाली. "चैतातच आला. मग काढलं मी जावळ. तू यायच्या आत माझी करायची हुती."

याकोब तिच्याकडं बघत राहिला.

"माझ्या मांडीवर?" तो म्हणाला. "मला बसवून?"

तो वळला आणि लंगडत चालायला लागला. बैल तिथंच, गाडी तिथंच, तोटी उघडीच. दुष्काळातलं पाणी मातीत चाललेलं बघून बायका पाट्या टाकून धावल्या. छबूबाई हलली नाही.

बनुबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विजूला उचललं; पोरगी हातपाय झाडत होती.

"कोणच्या देवाला वाहिलं?"

"भैरोबाला. आमच्या."

"म्हंजी आता दरसाल हितं नैवेद्याला आणावी लागंल हिला. देवाचं हाय, टाळता येतं का?" तिनं पोरीला घट्ट धरलं. "मी न्हाई आणायची. तू केलंस, तू निस्तर. चैतात न्यायला ये, आन् परत आणून सोड."

"आन् माजा मान?" रंगनाथ.

"नारळ फोड आन् गप बस."

पुढं किती तरी दिवस याकोबनं पाणी दिलं, तिच्याशी शब्द काढला नाही. भाऊबीजेला मात्र तो तिच्या दारात येऊन बसला. पाट मागितला.

"राग गेला व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पर मामा केलंस ना? आता ओवाळ. राग ऱ्हाईल बाजूला."

तिनं ओवाळलं.

चैत्रात विजूला न्यायला दोघं एसटीनं कोपरगावला गेली आणि विचारत विचारत वस्तीवर पोहोचली. उसाच्या कडेला बनुबाईची खोपी होती. याकोब बांधावर थांबला, छबूबाई दाराबाहेरच उभी राहिली, मागायला आल्यासारखी. आतून विजूच्या बडबडीचा आवाज येत होता. बनुबाई पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"माफ केलेलं न्हाई मी," ती म्हणाली.

"व्हय."

"मग भाईर का उभी? ऊन लागतंय. पिठलं टाकलंय, जेवून जा. मामांना बी बोलव."