पडदेवाल्या मावशींची होडी

पडदे शिवता शिवता त्यांचं नावच पडदेवाल्या मावशी पडलं होतं. मागच्या अंगणात त्यांची छोटी लाकडी होडी पालथी पडून होती. नवरा होता तोवर एक टोक तो धरायचा, दुसरं मावशी. तो गेला आणि होडी जागची हलेना. दिराने ती मागितली. लेकीलाही ते पटलं. या वयात एकटीने पाण्यात कशाला, असं तिचं म्हणणं. मावशी ऐकेनात, तेव्हा ती म्हणाली, "रविवारी एकटीने तळ्यापर्यंत नेऊन दाखव. नाहीतर काकांना देऊन टाक."

मावशींनी नातवाच्या जुन्या बाबागाडीची चाकं होडीच्या मागच्या टोकाला बांधली आणि आदल्या दिवशी रस्त्यावर काढून पाहिली. पुढचं सगळं ओझं हातावर. पहिल्या वळणावरच खांदे निखळायची वेळ आली. न्हाव्याने दुकानातून विचारलं, "मावशी, बाळ कोणावर गेलंय?"

"बापावर. ढकलल्याशिवाय हलत नाही."

जबाब चोख होता, पण होडी परत न्यावी लागली. दुपारी आपल्या पडद्यांच्या दुकानात कापडाचा तागा खांद्यावर टाकताना त्यांनी तो सवयीने मधोमध धरला. टोकाला धरला की मनगटाची वाट लागते. तागा तसाच खाली ठेवून त्या घरी गेल्या आणि चाकं सोडून होडीच्या पोटाखाली आणली.

रविवारी होडी दोन बोटांनी ढकलावी तशी निघाली. न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला. दीर टेम्पो घेऊन तळ्यावर आधीच हजर होता. काठच्या वाळूत चाकं रुतली, तसा त्याने होडी टेम्पोत ओढून घ्यायला दोर सोडायला घेतला. लेक धावली.

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या.

होडीतून त्यांनी ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या काढल्या. मागचं टोक दाबलं, पुढचं वर आलं, त्याखाली एक नळी सरकवली. चाकं सोडली. होडी नळ्यांवरून लाटण्यावरच्या पोळीसारखी सरकू लागली. मागची नळी मोकळी झाली की मावशी ती उचलून पुढे टाकायच्या. दम लागला तेव्हा त्या होडीच्याच काठावर टेकल्या. मग पुन्हा उठल्या, आणि होडीचं नाक पाण्यात गेलं.

लेकीने चपला हातात घेतल्या आणि न विचारता पुढच्या फळीवर जाऊन बसली.

"भाऊजी," मावशींनी वल्हं उचलत हाक मारली, "टेम्पो रिकामा नेऊ नका. चाकं आणि नळ्या घरी टाका."