टॉवेलाखालचा भाव

लातूरच्या एका डाळमिलचं सॉफ्टवेअर मी एकट्यानं केलं. नांदेडच्या आमच्या छोट्या कंपनीतले बाकीचे फक्त चहाला हजर असायचे. मिलचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, लई खूश झाले. पेढे दिले. पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "आता त्यातला भावाचा भाग तुला बंद कर."

आज तूर जास्तीत जास्त किती भावापर्यंत घ्यायची, तो आकडा अप्पा रोज सकाळी त्या भागात टाकायचे. तो शेतकऱ्याला कळला तर संपलंच. मग त्याच्याखाली कोण उतरतंय? आणि माझे वडील, बापू, रेणापूरचे शेतकरी; तूर घालणार ती अप्पांच्याच मिलवर.

"अप्पा, मी काय चोर हाय का?"

"न्हाई रे बाबा. पण बापाचा लेक हायस की."

माझं टाळकंच सरकलं. मी केलेल्या सॉफ्टवेअरमधून मलाच हाकलायचं, आणि ते कामही मीच करायचं! केलं. मुनीमजींना भाव दिसायचा. अप्पांच्या पुण्याच्या जावयाला तूर कुठली आणि मूग कुठला ते कळत नाही, त्यालाही दिसायचा. मला दिसायचं फक्त 'परवानगी नाही'. ते वाक्यसुद्धा मीच टाइप केलेलं.

रविवारी घरी गेलो तर बापूंनी विचारलं, "तूर काढू का थांबू? अप्पा कितीपर्यंत जात्यात?"

"मला न्हाई दिसत, बापू."

"केलं कुणी ते?"

"म्या."

"अन् तुलाच दिसंना व्हय?" मग आईकडं वळून म्हणाले, "बघ, लेक शिकला. आता बापापासनं लपवाय लागला."

तेव्हापासून बापू माझ्याशी बोलेनात. फोन केला की आईच्या हातात द्यायचे. खोटं कशाला सांगू, मला रडायला यायचं. अन्न गोड लागत नव्हतं.

मग एका सकाळी नेमका भावाचाच भाग बंद पडला. मिलच्या अंगणात तुरीच्या गाड्या उभ्या, आणि मुनीमजी डोक्याला हात लावून बसलेले. मी नशिबानं लातुरातच होतो. धावत गेलो.

"अप्पा, उघडून बघावं लागंल."

"बघायचं न्हाई. नुसतं दुरुस्त कर."

अप्पांच्या तरुणपणी व्यापारी हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून भाव करायचे. त्यांना तोच इलाज आठवला. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी स्क्रीनवर टाकला, वाफ घेतल्यासारखं स्वतःचं डोकं आत घातलं आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "तू बडव, मी वाचतो."

"काय दिसतंय, अप्पा?"

"लाल."

"लाल काय?"

"अरं, लाल म्हंजी लालच हाय की!"

मला घाम, राग आणि हसू सगळं एकदमच आलं. असं आंधळ्यासारखं चाचपत चाचपत शेवटी काहीतरी जमलं. टॉवेलातून अप्पा आनंदानं ओरडले, "आला रे आला! तूर..." आणि तो आकडा शेवटच्या शून्यासकट खणखणीत वाचला.

खिडकी सताड उघडी होती. अंगण चिडीचूप झालं. अप्पांनी टॉवेलातून हळूच डोकं बाहेर काढलं.

"कुणी ऐकलं का रे?"

"न्हाई अप्पा!" सगळं अंगण एका सुरात म्हणालं. त्यात बापूंचा आवाज होता. न सांगता निम्मी तूर घेऊन ते आले होते. त्या सकाळी एकही शेतकरी त्या आकड्याच्या खाली उतरला नाही.

बापूंनी खिडकीतून सगळा तमाशा बघितला होता. पोती उतरवून ते माझ्याजवळ आले. "म्हंजी तुला खरंच न्हवतं दिसत."

"किती डाव सांगितलं!"

"चल, चहा पिऊ," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की चहात साखर नव्हती हे नंतर कळलं.

संध्याकाळी अप्पा वैतागून म्हणाले, "म्या वाचण्यापरीस तूच बघत जा बाबा. घे उघडून. पण तोंड बंद!" मी शब्द दिला.

पुढच्या रविवारी घरी जेवायला बसलो. बापूंची उरलेली तूर अजून तशीच होती. त्यांनी विचारलं, "तुला अजून बंदच हाय का रे ते?"

खोटं बोलवेना. "न्हाई. आता दिसतंय."

त्यांचा घास हातातच राहिला. "मंग?"

"सांगता येत न्हाई, बापू. अप्पांना शब्द दिलाय."

आईनं वाढलेली भाकरी बापूंनी मोडली आणि ते म्हणाले, "मंग टॉवेलच बरा व्हता की रे."