फाटकाला तेल कोणी घातलं?

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीत सावरून बसतो. मी तेव्हा वरूडकडे ठाणेदार होतो. एका बागेतला तोडणीला आलेला संत्रा रातोरात गेला आणि मालकाने फिर्यादीत संशय घेतला तो बागेच्या म्हाताऱ्या राखणदारावर.

"आमचं फाटक उघडलं का अर्धं शिवार जागं होते, साहेब. याले आइकू कसं नाही आलं? यानंच घात केला!"

राखणदार हात जोडून म्हणाला, "मले चोर म्हनू नका, साहेब. पोरीच्या सासरी तोंड दाखवाचं हाय मले."

पंचनाम्याला गेलो. मालकाने फाटक ढकललं आणि ते चक्क गुपचूप उघडलं! त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"तेल कधी घातलं?" मी विचारलं.

"तेल? असे फालतू खर्च मी करत नसतो."

बिजागरीला बोट लावलं, तर ताजं ग्रीस. पठ्ठ्याने आधी देखभाल केली होती, मग चोरी! ही गोष्ट बाहेर फुटता कामा नये, अशी मालकाला आणि राखणदाराला तंबी दिली.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. एका दलालाने या मोसमात कुठलीही बाग विकत न घेता अमरावतीला संत्र्याचा माल पाठवला होता. त्याला ठाण्यात बोलावलं. गडी मुरलेला. त्या बागेत गेल्या मोसमापासून पाय ठेवला नाही, हेच त्याचं पालुपद.

इतक्यात हवालदार चहा घेऊन आला आणि आमच्या खोलीचं दार किंचाळलं. दलालाने कानांवर हात ठेवले.

"याले ग्रीस मारा ना, साहेब!"

"खर्चाला मंजुरी कोण देतो, भाऊ?"

"खर्च काहून म्हनता? गुंतवनूक हाय थे! त्या बागेचं फाटक पाहा, कसं लोन्यावानी फिरते."

हवालदार चहा ठेवून दाराशीच उभा राहिला. मला तर टाळीच वाजवावीशी वाटली.

"तुम्ही कधी पाहिलं?" मी एवढंच विचारलं.

चहा निवायच्या आत गडी बोलता झाला. त्याच्या पिकअपमध्ये ग्रीसचा डबाही सापडला.

कुठे हात आखडता घेतला जातो, हे मालकाआधी चोराला कळतं, हे मी त्या दिवशी शिकलो. मालक ज्याला खर्च म्हणतो, तिथेच चोर गुंतवणूक करतो.

चौकशीसाठी ठाण्यात बसवलेल्या राखणदाराला न्यायला मालक आला. "झालं गेलं विसर, बाबा. उद्यापासून ये."

"येतो ना, मालक. फाटकाले त चोरानं तेल घातलं. माझ्या टॉर्चमंधी सेल तुमी टाकता, का त्यासाठीबी चोराचीच वाट पाहू?"

सारं ठाणं खो खो हसलं. मालक मात्र सेल आणायला दुकानाकडे निघाला. मी हवालदाराला त्याच्यासोबतच धाडलं, आमच्या दारासाठी ग्रीस आणायला.