मटार सोलणारी बोटं

आज बालवाडीच्या खिडकीतून मुलांसोबत मटार सोलणाऱ्या एक बाई दिसल्या आणि मला माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, बालवाडीतल्या ताई आठवल्या. मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. 'अ' गिरवताना ती रडायची. तो मला हट्ट वाटायचा, म्हणून मी तिचा हात धरून गिरवून घ्यायचे. एकदा ते पाहून ताईंनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"तिची बोटं अजून तयार नाहीत. सध्या तिला कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या."

मला पटलं नव्हतं, तरी ऐकलं. दोन-तीन महिन्यांनी मुक्तानं आपणहून खडू घेतला आणि फरशीवर वाकडातिकडा 'अ' काढला. मी रडतच ताईंना सांगायला गेले. त्या मला कधीच रागावल्या नाहीत. लेकीइतकाच वेळ त्यांनी मलाही दिला होता.