मृदंगाचा डावा हात

माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर माझा फार जीव होता आणि वडिलांना तो मुळीच आवडत नसे. मंडणगडाकडचं गाव सोडून ते रत्नागिरीत माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी ऐटीत अभंगांची तबकडी लावली. गावच्या भजनात जन्मभर मृदंग वाजवलेला माणूस, वाटलं, खूश होईल. पाच मिनिटांत ते उठले, वहाणा घातल्या आणि मिरकरवाड्याला मासळी बघायला निघून गेले. पुढे दोन वर्षं दर रविवारी हेच. मी तबकडी लावायची आणि त्यांनी उठायचं.

एकदा मी भडकलोच. एवढं वाईट काय आहे यात, म्हणून विचारलं.

"ह्याचा डावा हात कुठं हाय?" ते म्हणाले. "नुसती टिकटिक."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्याने तो घुमतो. माझ्या यंत्रातून ते घुमणं येतच नव्हतं आणि मला ते कधी कळलंही नव्हतं. मला भयंकर राग आला, बहुधा ते खरं होतं म्हणूनच. नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आणि यांना एक तरी तबकडी अखेरपर्यंत बसून ऐकायला लावायची, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

मग काय, महिनाभर मी दुसरं काही बोललो नाही. कचेरीतले लोक मला पाहून फायलीत डोकं घालू लागले. बायको म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात गेलो. नवं यंत्र आपल्याच स्पीकरवर ऐकावं, म्हणून फणसाच्या लाकडाच्या माझ्या दोन्ही पेट्या अभंगांच्या तबकडीसकट रिक्षात घातल्या. एक वडिलांच्या मांडीवर होती. दुकानदाराने दोन अ‍ॅम्प्लिफायर काढून ठेवले होते. पहिल्याच्या तोंडावर लाल-हिरवे दिवे गाण्याबरोबर नाचत. त्याने आवाज चढवला तशी रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी तर विरघळलोच. हाच घ्यायचा, असं मनात पक्कं झालं होतं.

स्टुलावर बसलेले वडील म्हणाले, "मोठ्यान कोनपन वराडतं. बारीक कर."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि बटण मागे फिरवलं. दिवे विझत गेले, आणि त्यांच्याबरोबर मृदंगही. उरली ती टिकटिक. मग त्याने दुसरा जोडला. तो त्याच्याच कारागिराने मागच्या खोलीत बनवलेला, काळा, बिनदिव्यांचा आणि पाट्यासारखा जड होता. आवाज अगदी बारीक ठेवला, तरी मृदंगाची डावी बाजू खालून घुमत होती. मी हट्टाने दिव्यांचा परत दोनदा लावायला लावला. काही उपयोग झाला नाही. काळा घेतला, पण दुकानाबाहेर पडेपर्यंत मी मागे वळून त्या दिव्यांकडे बघत होतो, हे कबूल करतो.

घरी येऊन मी घाईघाईने जोडाजोड सुरू केली. दोन वायरी उलट्या लावल्या, मग पुन्हा काढल्या. बायको जेवायला हाका मारून थकली. वडील भिंतीला टेकून बसले आणि मी सुई ठेवली.

पहिला अभंग संपला. दुसरा सुरू झाला. मी गाणं ऐकतच नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा डावा पंजा गुडघ्यावर पडत होता. तिसरा झाला, मग चौथा. शेवटी सुई मधल्या कोऱ्या जागेवर खरखरू लागली, तरी ते बसलेलेच होते. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"झाली?" ते म्हणाले. "एवढीच व्हती?"

मी सांगितलं की एवढीच नाही, पालटली की मागच्या बाजूला आणखी चार अभंग आहेत.

ते भिंतीपासून पुढे सरकले. तबकडी पालटताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"मंग दोन वर्सं दडवलीस कशाला?"